ओदवारचा पूल

एस्किलने पूल गाळला, आणि सुन्निवाचा उजवा हात पियानोच्या पट्ट्यांवर तसाच अधांतरी राहिला. खरं तर तालीम छान चालली होती. शनिवारची सकाळ, बंदरालगतच्या जुन्या गोदामातली त्यांची नेहमीची खोली, रेडिएटरवर वाळत टाकलेले हातमोजे, आणि कितीही सांगितलं तरी हालवोरने ड्रमवरच ठेवलेला कॉफीचा कप. एस्किल नवा, म्हणजे वाजवायला नवा नव्हे, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, माणसाएवढा उभा बास वाजवणारा नावाजलेला वादक, पण या तिघांत नवा. त्यांचा जुना बासवाला ओदवार, त्याच्या जागी आलेला. तुकडा शेवटच्या फेरीत आला होता. मुखडा दोनदा, मग पूल, मग पुन्हा मुखडा, असा प्रत्येक फेरीचा साधासरळ बांधा. पूल म्हणजे गाण्यातला अंतराच म्हणा ना, या काठावरून उचलून पलीकडे नेऊन सोडणारा. सुन्निवाचा हात पुलाच्या पहिल्या सुरावर पडायला निघाला आणि एस्किलचा बास अगदी शांतपणे, घरी परतल्यासारखा, मुखड्यावर परतला. दोन वर्षांपूर्वी तुकड्यातल्या याच जागी, याच सुरावर ओदवारचा परतला होता तसाच.

"काय झालं?" एस्किलने विचारलं. "रेकॉर्डवर असंच आहे ना? मी कानाने ऐकून जसंच्या तसं बसवलंय."

"जसंच्या तसं!" हालवोर कौतुकाने म्हणाला. "अरे, भूत वाजवतंय असं वाटलं मला."

भूत काय म्हणतोस मेल्या, ओदवार जिवंत आहे, असं सुन्निवाच्या अगदी ओठांवर आलं होतं. एस्किलने बास पोटाशी टेकवला. "एक विचारू? राग नको मानूस. हेडफोन लावून ऐकलं ना, की तिथे त्याचं बोट आधी दुसरीकडे निघालेलं ऐकू येतं. तारेवर जरासं घासतं आणि मागे फिरतं. मी ते घासणंसुद्धा बसवलं. पण मला कळेना, हे मुद्दाम आहे की—"

"मुद्दाम," सुन्निवा म्हणाली. फार पटकन म्हणाली.

"बरं बाई, मुद्दाम. मग दौऱ्यावरही असंच? शेवटच्या पुलाशिवाय?"

तिने रेडिएटरवरचे हातमोजे काढले. एक अजून ओला होता, तो तसाच चढवला. तुरिदने बोलावलंय, मला निघायला हवं, एवढं ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. तुरिद म्हणजे ओदवारची बायको. गेले कित्येक महिने ती बोलावत होती आणि सुन्निवाला दर वेळी काहीतरी आडवं येत होतं: मैफल, सर्दी, मुलाखत, पुन्हा सर्दी. या खेपेला तुरिदने फोनवर जास्त बोलूच दिलं नव्हतं. "शनिवारी ये. वाफल करून आणते. आणि ऐक, आपण त्याला रेकॉर्ड लावून ऐकवू. त्याने अजून ऐकलेलं नाही, माहितीये ना तुला? सगळ्या देशाने ऐकलं, आणि ज्याने वाजवलं त्यानेच नाही. ही काय तऱ्हा झाली?"

बाहेर रस्त्यावर बर्फाचा चिखल झाला होता आणि त्यावर पसरलेली खडी बुटांखाली करकरत होती. सुन्निवा नदीच्या काठाकाठाने चालू लागली. ट्राम घेता आली असती, पण ट्रामने लवकर पोहोचले असते, असं तिला वाटलं आणि स्वतःचीच लाज वाटली. सगळ्या देशाने ऐकलं, हे तुरिदचं म्हणणं तसं अवाजवी नव्हतं. पहिला अल्बम आला तेव्हा कुणी कुत्र्यानेही विचारलं नव्हतं. नातेवाइकांनी घेतला, ओदवारच्या जुन्या दोस्तांनी घेतला, उरलेली खोकी तिच्या आईच्या तळघरात गेली. आणि दुसरा, 'धक्क्यावर', तो मात्र असा उचलला गेला की विचारू नका. ऑस्लोत बक्षीस मिळालं, जर्मनीतून बोलावणी आली, एरवी दात दुखत असल्यासारखं लिहिणारे समीक्षकही विरघळले. आणि सगळ्यांनी बोट ठेवलं ते त्याच नावाच्या तुकड्यावर, त्याच जागेवर. पुलाशी येऊन पूल न ओलांडण्याचं धाडस. काठावर उभं राहून पलीकडे नुसतं बघत राहणारं संगीत. एकाने तर लिहिलं होतं की, ओदवार या बुजुर्ग बासवादकाने जे वाजवलं नाही त्यातच त्याचं आयुष्यभराचं शहाणपण आहे. ते वाचून सुन्निवा संडासात जाऊन रडली होती. बाहेर आल्यावर आईने विचारलं, आनंदाने ना गं? ती म्हणाली, हो, आनंदाने. तेव्हापासून प्रत्येक मुलाखतीत तिने सांगितलं की, हो, ते ठरवून केलं. आता तर तिला ते इतकं सराईतपणे सांगता येई की, सांगताना कधी कधी खरंच वाटून जाई.

गंमत अशी की तो पूल ओदवारचाच होता. सबंध तुकडा तिचा, पण पूल त्याचा. तिला मुखडा सुचला होता आणि पुढे काही केल्या सरकेना. उन्हाळ्यातल्या दौऱ्यात कुठल्याशा धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत त्यांची गाडी रांगेत उभी होती. हालवोर मागे बासला टेकून घोरत होता. ओदवारच्या एका हातात सॉसेज होतं. "म्हण बघू परत तुझं ते," तो म्हणाला, आणि तिने मुखडा गुणगुणल्यावर त्याने स्टिअरिंगवर दुसऱ्या हाताने ताल धरला आणि सॉसेज चावता चावता पुढची आठ आवर्तनं गाऊन टाकली. त्याचा आवाज म्हणजे फुटका डबा. पण त्या आठ आवर्तनांत तिचा मुखडा जो उचलला गेला, वर गेला, जरा थांबला आणि असा काही परत उतरला, की तिला हसूच फुटलं. "घे. तुला दिलं," तो म्हणाला. "तुरिदला सांगू नकोस हं, नाहीतर म्हणेल, मला कधी काही दिलं नाहीस आणि पोरींना पूल वाटत फिरतोस." मग बोटीचा भोंगा वाजला आणि हालवोर दचकून जागा झाला. त्यानंतर घरी सगळा उन्हाळाभर ओदवार तोच पूल गुणगुणत हिंडत होता, दाढी करताना, लाकडं फोडताना, इतका की तुरिदने म्हणे त्याला कुंपणाबाहेर जाऊन गुणगुणायला सांगितलं होतं.

आणि फेब्रुवारीत तो तेच विसरला. सुन्निवाने त्या क्षणाकडे इतक्या वेळा मागे वळून पाहिलं होतं की, आता त्यातलं किती घडलं आणि किती तिने भरलं, हे तिलाच सांगता आलं नसतं. गावाबाहेरचा लाकडी स्टुडिओ, खिडकीपर्यंत साचलेला बर्फ. त्याआधीच्या हिवाळ्यातच बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या होत्या. हॉटेलात तो स्वतःच्या खोलीशेजारच्या दाराला किल्ली लावत उभा राही आणि मग म्हणे, "बघत होतो, शेजार कसा आहे." हालवोरला भलत्याच नावाने हाक मारी आणि लगेच त्या नावावर विनोद करी. विनोद बरे असत. हालवोर पोट धरून हसे. सुन्निवाही हसे, पण तिला दिसे की विनोदाआधी एक क्षण त्याचे डोळे खोलीभर काहीतरी शोधून येतात. त्या दिवशी शेवटच्या मुखड्यापर्यंत सगळं झकास चाललं होतं. पूल आला. तिने हात उचलला. त्याच्या बोटाने तार घासली, आणि ते बोट थबकलं, आणि मागे फिरलं. त्या एवढ्याशा वेळात तिच्या लक्षात आलं की याला पुढचं आठवत नाहीये. चुकत नाहीये हा, याला पूल दिसतच नाहीये, समोर आहे तो, आणि दिसत नाहीये. आणि तिचा हात तिला न विचारता त्याच्यामागे मुखड्यावर उतरला. हे काही तिचं मोठेपण नव्हे. या धंद्यात सगळे हेच करतात. एक जण वाट चुकला की बाकीचे त्याच्याबरोबर वळतात, आणि तिघे मिळून जिथे जातील ती वाट. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. हालवोरही वळला. तुकडा ठरलेल्या जागेच्या कितीतरी आधी संपला. मग हालवोर म्हणाला, "आयला! हे कधी ठरलं?"

"काय कधी ठरलं?" ओदवार म्हणाला.

"आत्ताच," सुन्निवा म्हणाली. "वाजवता वाजवता ठरलं."

ओदवारने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बास आडवा ठेवून तो अंगात कोट न घालताच बाहेर गेला, आणि तिने काचेतून पाहिलं तर बर्फात उभा राहून तो दोन्ही हातांच्या बोटांकडे बघत होता. आत आल्यावर म्हणाला, "थंडी मस्त पडलीय." त्यानंतर त्यांनी तो तुकडा आणखी दोनदा वाजवला, पुलासकट, बिनचूक. ते दोन्ही वेळचं वाजवणं नीट होतं आणि मेलेलं होतं. रेकॉर्डवर आलं ते पहिलंच. त्याला कळलं होतं का? हे तिने त्याला विचारायला हवं होतं, उन्हाळ्याच्या आत, कारण उन्हाळ्यात तुरिदने त्याला मासेबाजारापाशी शोधून काढला तेव्हा तो एका अनोळखी माणसाला स्वतःचं घर कुठे ते विचारत होता. त्यानंतर विचारण्यात अर्थ उरला नाही.

ओदवार आता राहायचा ते शुश्रूषागृह चढावर होतं. दारातल्या टोपलीतल्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या बुटांवर चढवताना तिला वाफलांचा आणि वेलचीचा वास आला, आणि त्याच्याखालून हळूच औषधी साबणाचा. तुरिद खोलीच्या दारातच उभी होती, ठेंगणी, गोल, जाड स्वेटर घातलेली, आणि डोळे आधीच ओले. "आलीस गं बाई! मला वाटलं, परत सर्दी होते की काय तुला." तिने सुन्निवाला कवटाळलं. खोलीत खिडकीशी खुर्चीत ओदवार बसला होता. दाढी नीट केलेली, केस भिजवून विंचरलेले, लहान मुलाचे विंचरावेत तसे. एवढा दांडगा माणूस, जिन्यावरून एकट्याने बास खांद्यावर घेऊन चढणारा. तो तिच्याकडे पाहून सभ्यपणे हसला.

"कोण आलंय बघ," तुरिद म्हणाली. "सुन्निवा."

"हो का? वा," तो म्हणाला. "बसा ना. कॉफी आहे बहुतेक. या बाईंकडे असते."

तुरिदने हे ऐकलं न ऐकलंसं केलं आणि थर्मास उघडला. वाफलांवर तपकिरी चीज, जांभळाच्या रंगाचा मुरंबा, कागदी बशा. भिंतीवर वर्तमानपत्राचं ते कात्रण चौकटीत लावलं होतं, आयुष्यभराच्या शहाणपणावालं. सुन्निवाने त्याच्याकडे पाठ होईल अशी खुर्ची घेतली. तुरिद तिच्याजवळ सरकून बसली आणि आवाज खाली घेऊन बोलू लागली, जणू ओदवार झोपला होता.

"मी तुला कधी सांगितलं नाही. त्या वर्षी ईस्टरला आम्ही डोंगरावरच्या केबिनमध्ये होतो, तुमचं रेकॉर्डिंग झालं त्याच्यानंतर. दोघंच. मी संत्रं सोलत होते पायरीवर उन्हात बसून. आणि हा आला आणि म्हणाला, तुरिद, मी आयुष्यभर बाहेरच राहिलो. पुन्हा मिळालं ना, तर तुझ्यापाशी राहीन. हा! तुला माहीतच आहे कसा होता. वाढदिवसाला कधी स्वतःहून फोन केला नाही याने. मी म्हटलं, ऊन लागलं का रे तुला? तर म्हणाला, नाही, विचार करून बोलतोय." तिने नाक पुसलं. "आता माझी नणंद काय म्हणते माहितीये? म्हणते, तेव्हाच सुरू झालं असेल. ते दुखणंच बोलत असेल, अशा लोकांचा स्वभाव पालटतो म्हणे. मेलीच्या जिभेला काही हाड? मी तिला तुमची रेकॉर्ड दाखवली. म्हटलं, हे बघ, हे फेब्रुवारीचं. पेपरवाले काय लिहितात वाच. एवढं नाजूक काम ठरवून करणारा माणूस काय भ्रमिष्ट होता? गप्प बसली. हो ना गं? तू होतीस तिथे. ठरवूनच केलं होतं ना?"

सुन्निवाच्या तोंडात वाफलचा घास होता. आजवर जे खोटं ती ओदवारची अब्रू राखायला सांगत आली, त्याच्यावर या बाईने आपलं सगळं लग्न उभं केलंय, हे तिला आता कळत होतं, आणि कळून काही करता येत नव्हतं. तिने मान हलवली. होकाराची, नकाराची, कसली कोण जाणे. तुरिदला होकाराचीच दिसली.

"तेच म्हणते मी," ती समाधानाने म्हणाली, उठली, आणि कोपऱ्यातल्या जुन्या प्लेअरवर तबकडी ठेवू लागली.

नको, असं म्हणता आलं असतं. आज नको, तो थकलाय, असं काहीही. पण खरखर सुरू झाली आणि मग तिचा स्वतःचा पियानो, आणि त्याच्याखाली बास. ओदवारची मान उचलली गेली. पाठ सरळ झाली. डावा हात मांडीवरच्या पांघरुणावरून उठून कानापाशी गेला, जिथे बासची मान असायला हवी तिथे, आणि बोटं हवेत तारा दाबू लागली. उजवा हात पोटाशी छेडू लागला. तुरिदने तोंडावर हात घेतला. "बघ! अगं बघ त्याच्याकडे!" बोटं बिनचूक पडत होती, सुन्निवा नको नको म्हणत बघत होती आणि ती बोटं एकही जागा चुकत नव्हती. मुखडा झाला, पुन्हा झाला, आणि पूल आला तशी ओदवारच्या घशातून ती फुटक्या डब्यासारखी गुणगुण सुरू झाली. पहिल्या फेरीत रेकॉर्डवर पूल आहेच. तो वर गेला, रेकॉर्ड वर गेली, दोघे मिळून उतरले. तुरिद रडत रडत हसत होती. "हेच! हेच ते! सगळं डोकं खाल्लं होतं याने माझं तेव्हा!" मग सुन्निवाचं एकटीचं वाजवणं, मग त्याचं. म्हातारा खुर्चीत डोलत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर एक जुना, जरासा उद्दाम आनंद आला होता, जो मैफलीत नेमका रंग भरला की येई. सुन्निवाला एकाएकी वाटलं, तो निसटेल यातून. कुणास ठाऊक, तबकडी जशी नेईल तसा जाईल, मागोमाग मुखड्यावर वळेल, कळणारही नाही कुणाला. तिने दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले. शेवटचा मुखडा. पुन्हा एकदा. आणि पूल.

ओदवार पुलावर गेला. बोटं चढली, आवाज चढला, ठाम, जिथे जायला हवं तिथेच. आणि तबकडीवरचा बास तार घासून मागे फिरला, आणि पियानो त्याच्यामागे गेला, आणि ड्रमही. पुलाच्या मध्यावर तो एकटा उरला. आणखी काही सूर त्याने तसेच गायले, मग गुणगुण अडखळली. त्याने आजूबाजूला पाहिलं. दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

"कुठे गेले सगळे?" तो म्हणाला.

तबकडीवर तुकडा संपला. तुरिदने पुढे होऊन सुई उचलली. तिला संगीत कळत नसेल, पण तो पूल तिला उन्हाळाभर पाठ झाला होता. ती प्लेअरजवळच उभी राहिली, पाठमोरी.

"हे ठरलेलं नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं," सुन्निवा म्हणाली.

"विसरला होता तो."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"हो, तुरिद."

तुरिदने वळून पाहिलं. तिचा गोल चेहरा एकदम म्हातारा झाला होता. "मग ईस्टरला," ती म्हणाली. "ते संत्र्याच्या वेळचं. ते कोण बोललं मग?"

सुन्निवाला म्हणायचं होतं, तोच बोलला. म्हणायचं होतं की, बर्फात उभा राहून ज्याने आपल्या बोटांकडे पाहिलं तो पूर्ण शुद्धीवर होता, त्याला पुढचं दिसलं होतं, आणि म्हणूनच तो तुझ्याकडे आला आणि विचार करून बोलला. तिला हे मनापासून वाटत होतं. पण माहीत नव्हतं. आणि तिच्या तोंडून निघालेलं बरं वाक्य आता या खोलीत कोण खरं मानणार होतं? "मला माहीत नाही गं," ती म्हणाली. तुरिद पलंगाच्या कडेवर बसली आणि आवाज न करता, तोंड उघडं ठेवून रडू लागली.

ओदवार ते बघत होता. त्याला वाईट वाटलं होतं, ते स्पष्ट दिसत होतं. तो खुर्चीत पुढे झुकला आणि पाहुण्या बाईशी बोलावं तसा अदबीने बोलला. "रडू नका हो बाई. तुमची नाही, माझी चूक झाली. मी भलतीकडेच गेलो. बाकीचे बरोबर होते."

"नाही, ओदवार," सुन्निवा म्हणाली. तिने त्याचा हात धरला, डावा, बोटांच्या टोकांना अजून घट्टे असलेला. "तू अगदी बरोबर वाजवलंस. खरंच सांगते. चुकलो आम्ही."

ओदवारने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो समजूतदारपणे हसला आणि तिच्या हातावर थोपटलं.

"चांगली आहेस तू," तो म्हणाला. त्याचा अजिबात विश्वास बसला नव्हता.